ऑनबोर्ड क्रेडिट

ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे पर्यटन-जहाजावरील (क्रूझवरील) प्रवाशाच्या खात्यात त्याच्या स्वतःच्या कार्डाव्यतिरिक्त अन्य मार्गाने जमा झालेली आणि त्याच सफरीत जहाजावर खर्च करण्यासाठी दिलेली रक्कम होय. ही रक्कम जहाज कंपनी, सहल विकणारा एजंट, कंपनीच्या समभागधारकांसाठीची योजना किंवा भेट देणारी एखादी व्यक्ती यांच्याकडून मिळू शकते. तिची गणना चलनात होते, मात्र ती पूर्ण अर्थाने पैसा नसते. ती कोणत्या वस्तूंवर खर्च करता येईल, कधीपर्यंत करता येईल आणि उरल्यास परत मिळेल की नाही, हे देणाऱ्याच्या अटींवर ठरते. त्यामुळे आकड्याने सारखीच दिसणारी दोन क्रेडिट्स प्रत्यक्षात अगदी वेगळ्या किमतीची असू शकतात.

मराठीत ‘क्रेडिट’ हा शब्द क्रेडिट कार्डामुळे उधारीशी जोडला गेला आहे. येथे मात्र त्याचा अर्थ वहीखात्यातील ‘जमा’ या बाजूचा आहे. खाणावळीच्या कूपनांशी त्याची तुलना करता येते. कूपनावर जेवण मिळते, पण महिना उलटला की उरलेली कूपने बहुधा वाया जातात आणि ती शेजारच्या दुकानात चालत नाहीत.

जहाजावरील खाते

ऑनबोर्ड क्रेडिट समजण्यासाठी आधी जहाजावरील देवघेवीची पद्धत लक्षात घ्यावी लागते. आधुनिक क्रूझवर रोख व्यवहार जवळजवळ नसतात. जहाजावर चढताना प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड, मनगटपट्टी किंवा गळ्यात अडकवण्याची चकती मिळते. केबिनचे दार उघडणे, बंदरावर उतरताना व परतताना ओळख पटवणे आणि खरेदीची नोंद करणे ही तिन्ही कामे तिनेच होतात. रॉयल कॅरिबियनमध्ये या व्यवस्थेला ‘सीपास’, कार्निव्हलमध्ये ‘सेल अँड साइन’, तर प्रिन्सेसमध्ये ‘मेडॅलियन’ असे नाव आहे. नावे निराळी असली तरी मागचे तत्त्व एकच असते. प्रत्येक खरेदी केबिनच्या खात्यावर ‘नावे’ पडते आणि सफरीच्या अखेरीस साऱ्या खात्याची एकदाच वसुली होते.

या खात्याला प्रवाशाचे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड जोडलेले असते. काही कंपन्या रोख अनामतही स्वीकारतात. ऑनबोर्ड क्रेडिट याच खात्याच्या जमा बाजूला, बहुधा सफर सुरू होण्याआधी किंवा पहिल्या दिवशी, नोंदवले जाते. पुढे जसजसा खर्च होतो तसतशी ती रक्कम कमी होत जाते. ती संपल्यावरचा खर्च कार्डावर जातो. प्रवाशाला कोणतीही वेगळी चिठ्ठी दाखवावी लागत नाही आणि बहुतेक वेळा कोणता खर्च कोणत्या जमेतून गेला हेही विचारले जात नाही. ही सोय खरी असली तरी गोंधळही येथूनच सुरू होतो, कारण वजावटीचा क्रम प्रवासी ठरवत नाही, कंपनीची संगणक-प्रणाली ठरवते.

जहाजाचे चलन सफरीच्या प्रदेशापेक्षा कंपनीवर व बाजारपेठेवर अवलंबून असते. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर हिशेब डॉलरमध्ये, ब्रिटिश बाजारासाठीच्या पी अँड ओ क्रूझेसच्या जहाजांवर पौंडात, तर भूमध्य समुद्रातील कोस्टा व एमएससी या कंपन्यांच्या जहाजांवर प्रायः युरोत होतो. क्रेडिट अन्य चलनात जाहीर झाले असेल, तर कंपनी आपल्या दराने ते रूपांतरित करते.

रक्कम कोठून येते

कंपनीच्या विक्री-योजनांतून मिळणारे क्रेडिट सर्वांत परिचित आहे. ठरावीक मुदतीत नोंदणी केल्यास, महागडी केबिन घेतल्यास किंवा आधीच्या सफरीवर असतानाच पुढील सफरीची अनामत भरल्यास अशी रक्कम दिली जाते. निष्ठावंत ग्राहक, सेवारत किंवा निवृत्त सैनिक यांच्यासाठीही काही अमेरिकी कंपन्यांच्या कायम योजना आहेत.

एजंटाकडून मिळणाऱ्या क्रेडिटचे कारण वेगळे आहे. क्रूझचा एजंट कंपनीकडून मिळणाऱ्या दलालीवर जगतो. अनेक कंपन्या एजंटांना कंपनीच्या जाहीर भाड्याहून कमी भाड्याची जाहिरात करू देत नाहीत, त्यामुळे दलालीतील काही भाग ग्राहकाला द्यायचा असेल तर एजंट तो जहाजावरील क्रेडिटच्या रूपाने देतो. एजंटाने हे क्रेडिट कंपनीला पैसे मोजून विकत घेतलेले असते. म्हणून ते पुष्कळदा भेट-रकमेसारखे मानले जाते आणि अशा वेळी उरलेला भाग परत मिळण्याची शक्यता कंपनीच्या फुकट दिलेल्या क्रेडिटपेक्षा अधिक असते. नातलगांनी वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला विकत घेऊन दिलेले क्रेडिटही याच जातीचे.

समभागधारकांना मिळणारे क्रेडिट हा या विषयातील एक मनोरंजक कोपरा आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या दीर्घकाळ चालत आलेल्या योजनेनुसार किमान १०० समभाग बाळगणाऱ्याला ६ दिवसांपर्यंतच्या सफरीवर ५० डॉलर, ७ ते १३ दिवसांच्या सफरीवर १०० डॉलर आणि १४ किंवा अधिक दिवसांच्या सफरीवर २५० डॉलर इतके क्रेडिट प्रत्येक केबिनमागे मिळत आले आहे. रॉयल कॅरिबियन व नॉर्वेजियन या कंपन्यांनीही १०० समभागांचीच किमान अट ठेवून अशा योजना चालवल्या आहेत. हे क्रेडिट आपोआप जमा होत नाही. सफरीपूर्वी पुरेसे दिवस आधी समभाग धारण केल्याचा पुरावा पाठवून ते मागावे लागते. कार्निव्हलच्या अटींनुसार ते रोखीत बदलता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही आणि कॅसिनो किंवा खात्यावर लागणारी बक्षिसी यांसाठी वापरता येत नाही. केवळ या लाभासाठी समभाग घेणे हा गुंतवणुकीचा फारसा शहाणा विचार म्हणता येणार नाही, कारण समभागाच्या भावातील एका दिवसाचा चढउतारही या रकमेहून मोठा असू शकतो.

याखेरीज, नोंदणीनंतर भाडे उतरल्यास काही वेळा त्यातील फरक कंपनी क्रेडिटच्या रूपाने देते. अंतिम रक्कम भरण्यापूर्वी भाडे उतरले तर प्रवासी अनेकदा कमी भाड्यावर फेरनोंदणी मागू शकतो. अंतिम मुदत उलटल्यावर मात्र, काही मिळालेच तर, ते बहुधा क्रेडिटच असते.

परत मिळणारे आणि परत न मिळणारे

ऑनबोर्ड क्रेडिटचा सर्वांत महत्त्वाचा भेद हाच आहे. परत मिळणारे क्रेडिट सफरीच्या शेवटी उरले तर ते प्रवाशाच्या कार्डावर, रोखीने किंवा धनादेशाने परत दिले जाते. ते जवळजवळ पैशासारखेच असते. परत न मिळणारे क्रेडिट शेवटच्या रात्री किंवा शेवटच्या सकाळी खाते बंद होताना रद्द होते. ते पुढच्या सफरीला वळवता येत नाही. विक्री-योजनांतून फुकट दिलेले क्रेडिट बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते, तर विकत घेतलेले, भेट दिलेले किंवा रद्द झालेल्या सहलीच्या परताव्यातून आलेले क्रेडिट बहुधा पहिल्या प्रकारचे. ‘बहुधा’ हा शब्द येथे आवश्यक आहे, कारण कंपनीगणिक नियम बदलतात आणि एकाच खात्यात दोन्ही प्रकारच्या रकमा एकत्र असू शकतात.

तशा त्या असतील, तर परत न मिळणारी रक्कम आधी आणि परत मिळणारी नंतर खर्ची पडणे प्रवाशाच्या हिताचे असते. अनेक कंपन्यांच्या प्रणाली तसेच करतात. मात्र एखाद्या रकमेवर वापराचे बंधन असले तर हा क्रम मोडतो. बंधनात न बसणाऱ्या खर्चाला ती रक्कम लागू पडत नाही आणि त्याची भरपाई परत मिळणाऱ्या रकमेतून होते.

क्रेडिट व्यक्तीमागे आहे की केबिनमागे, हा आणखी एक तपशील जाहिरातीत सहज निसटतो. ‘२०० डॉलरपर्यंत’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ बहुधा केबिनमागे, पहिल्या दोन प्रवाशांत विभागून, आणि तेही सर्वांत महाग केबिनसाठी, असा असतो. चार जणांच्या कुटुंबाला चौपट रक्कम मिळेल असे समजण्याचे कारण नाही.

कशासाठी वापरता येते

भाड्यात समाविष्ट नसलेल्या जहाजावरील बहुतेक गोष्टींसाठी क्रेडिट चालते. मद्य व अन्य पेये, निवडक उपाहारगृहे, इंटरनेट, स्पा, छायाचित्रे, दुकानातील खरेदी, कपडे धुण्याची सेवा आणि कंपनीमार्फत घेतलेल्या बंदरावरील सहली हे नेहमीचे खर्च होत. पेयांच्या व स्पाच्या बिलावर १८ ते २० टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क आपोआप लागते. म्हणजे १०० डॉलरच्या क्रेडिटमधून प्रत्यक्षात सुमारे ८३ ते ८५ डॉलर छापील किमतीचीच पेये येतात.

कॅसिनोबाबत कंपन्या सावध असतात. परत न मिळणारे क्रेडिट जुगाराच्या चिपांत बदलता आले असते तर त्या चिपा लगेच रोखीत बदलून कोणीही ते ‘परत’ मिळवले असते. ही वाट बंद करण्यासाठी अशा क्रेडिटमधून कॅसिनोचा खर्च सहसा करता येत नाही. रोख रक्कम काढणे, काही कंपन्यांत वैद्यकीय सेवा आणि बाहेरच्या ठेकेदारामार्फत चालणारे काही व्यवहार, उदाहरणार्थ चित्रांचा लिलाव, हेही वगळलेले असू शकतात. बंदरावर उतरून स्थानिक दुकानात किंवा टॅक्सीवाल्याकडे क्रेडिट चालत नाही हे उघड आहे, पण कंपनीच्या खासगी बेटावरील दुकाने व खाद्यगृहे पुष्कळदा जहाजाच्याच खात्याला जोडलेली असतात.

सफरीपूर्वी संकेतस्थळावर केलेल्या खरेदीचा प्रश्न निराळा आहे. पेयांची पॅकेजे, इंटरनेट आणि सहली आधी घेतल्यास अनेकदा स्वस्त पडतात, पण त्यांचे पैसे प्रवाशाच्या कार्डावरून जातात. क्रेडिट मात्र जहाजावरील खात्यातच पडून राहते. काही कंपन्या आगाऊ खरेदीसाठीही क्रेडिट वापरू देतात, काही देत नाहीत. साऱ्या गोष्टी आगाऊ विकत घेऊन मोठे परत न मिळणारे क्रेडिट बाळगणारा प्रवासी शेवटच्या रात्री दुकानात नको असलेली घड्याळे न्याहाळत उभा दिसतो, हे दृश्य क्रूझवर नवे नाही.

बक्षिसीचा प्रश्न

मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोज ठरावीक बक्षिसी लावली जाते. तिला इंग्रजीतून आलेला ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द वापरतात, मात्र भारतीय कामगार-कायद्यातील निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीशी तिचा काही संबंध नाही. २०२० च्या दशकाच्या मध्यास साध्या केबिनसाठी ती दरडोई दररोज साधारण १६ ते २० डॉलर होती. केबिन आवरणारे, जेवण वाढणारे आणि पडद्यामागे राबणारे कर्मचारी यांच्यात ती वाटली जाते. गोव्यातून आणि कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी नोकरी करणाऱ्यांत, ज्यांना कोकणीत ‘तारवटी’ म्हणतात, क्रूझवरील वाढपी, खानसामे व केबिन-सेवक यांची संख्या लक्षणीय आहे. त्यामुळे खात्यावरील ही ओळ अनेक घरांच्या उत्पन्नाशी जोडलेली असते. पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून वेगळी बक्षिसी आकारणे बंद करून ती भाड्यातच धरली. इतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी वेगळी आकारणी चालू ठेवली.

बक्षिसी हा सफरीतील अटळ आणि आधीच ठाऊक असलेला खर्च असल्यामुळे ती क्रेडिटमधून वळती होते की नाही, यावर क्रेडिटचे खरे मोल ठरते. समजा, एका दांपत्याची सफर ७ रात्रींची आहे आणि बक्षिसी दरडोई दररोज १८ डॉलर आहे. तिची बेरीज २५२ डॉलर होते. याखेरीज दोघांनी सहली व पेये यांवर १६८ डॉलर खर्च केले. एकूण खर्च ४२० डॉलर झाला. त्यांच्या खात्यात ३०० डॉलर परत न मिळणारे आणि १०० डॉलर परत मिळणारे, असे ४०० डॉलर क्रेडिट आहे.

३०० डॉलरची रक्कम बक्षिसीलाही चालत असेल तर ती पूर्ण खर्ची पडते, उरलेल्या १२० पैकी १०० दुसऱ्या रकमेतून जातात आणि कार्डावर फक्त २० डॉलर पडतात. ती बक्षिसीला चालत नसेल तर चित्र बदलते. ३०० पैकी १६८ डॉलरच वापरले जातात आणि १३२ डॉलर रद्द होतात. २५२ डॉलरच्या बक्षिसीपैकी १०० दुसऱ्या रकमेतून व १५२ कार्डावरून जातात. क्रेडिट तेच, खर्च तोच, पण दांपत्याच्या खिशाला पडलेला फरक १३२ डॉलरचा. बक्षिसी तिकिटाबरोबर आधीच भरून टाकल्यासही नेमके हेच घडते. आधी भरलेल्या २५२ डॉलरमधून परत मिळालेले १०० वजा केले की निव्वळ १५२ उरतात. आधी पैसे भरून मोकळे होण्याची सवय येथे महागात पडते. अर्थात पुढे बक्षिसीचा दर वाढण्याची शक्यता असेल तर आधी भरण्याला वेगळे कारण असू शकते.

कंपन्यांचे अर्थकारण

कंपन्या भाडे कमी करण्याऐवजी क्रेडिट का देतात, याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण जाहीर भावाचे. भाडे उतरवले की आधी नोंदणी केलेले प्रवासी फरक मागतात, एजंटाची दलाली घटते आणि ‘ही सफर स्वस्त आहे’ अशी बाजारात समजूत होते. क्रेडिट दिल्याने भाड्याचा आकडा जागच्या जागी राहतो.

दुसरे कारण खर्चाचे आहे. भाड्यातील १०० डॉलरची सूट कंपनीला १०० डॉलरला पडते. १०० डॉलरचे क्रेडिट मात्र मालिशवर, मद्याच्या पेल्यांवर किंवा छायाचित्रांवर खर्च होते आणि या सेवा पुरवण्याचा कंपनीचा खर्च छापील किमतीच्या एका अंशाइतकाच असतो. शिवाय काही रक्कम वापरलीच जात नाही. भेट-कार्डांच्या व्यवसायात न वापरलेल्या रकमेला जे महत्त्व आहे, तेच येथेही आहे.

तिसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात ‘मानसिक हिशेब’ ही संकल्पना मांडली. माणसे सर्व पैसा एकसारखा मानत नाहीत, तो मनातल्या मनात वेगवेगळ्या खात्यांत टाकतात आणि ज्या खात्यात तो आला त्यानुसार सैल किंवा घट्ट हाताने खर्च करतात, असे तिचे सार आहे. अनपेक्षितपणे किंवा फुकट मिळालेला पैसा अधिक सैल हाताने जातो. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. ऑनबोर्ड क्रेडिट हे या विचाराचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरते. ५० डॉलर ‘फुकट’ आहेत म्हणून स्पाच्या दारात शिरलेला प्रवासी १५० डॉलरची सेवा घेऊन बाहेर पडतो, तेव्हा कंपनीचा हेतू साधलेला असतो.

जहाजावरील विक्री ही या उद्योगाची किरकोळ बाजू नाही. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या २०२४ च्या आर्थिक वर्षातील सुमारे २५ अब्ज डॉलर महसुलापैकी सुमारे १६.५ अब्ज तिकिटांतून, तर सुमारे ८.५ अब्ज ‘जहाजावरील व इतर’ या सदरातून आले. म्हणजे दर तीन डॉलरपैकी एक डॉलर भाड्याबाहेरचा होता. क्रेडिट हे त्या दुसऱ्या उत्पन्नाचे आमिष असते, त्यातील तूट नव्हे.

त्यामुळे दोन प्रस्तावांची तुलना करताना क्रेडिटचा आकडा जसाच्या तसा भाड्यातून वजा करणे योग्य ठरत नाही. एका ठिकाणी भाडे २,००० डॉलर व २०० डॉलरचे परत न मिळणारे क्रेडिट, आणि दुसरीकडे तीच केबिन क्रेडिटशिवाय १,८५० डॉलरला असेल, तर पहिला प्रस्ताव कागदावर ५० डॉलरने स्वस्त दिसतो. ज्याने एरवीही जहाजावर २०० डॉलर खर्च केलेच असते त्याच्यासाठी तो खरोखर स्वस्त आहे. जो मद्य घेत नाही आणि बंदरावर स्वतः पायी हिंडतो, त्याच्यासाठी दुसराच प्रस्ताव सरस ठरू शकतो.

भरपाई म्हणून क्रेडिट

सफरीत काही बिघडले तर कंपनी पुष्कळदा ऑनबोर्ड क्रेडिटच पुढे करते. वादळामुळे एखादे बंदर वगळले गेल्यास त्या बंदराचे कर व शुल्क, जे प्रवाशाने भाड्याबरोबर भरलेले असते, ते खात्यात जमा होते. कंपनीमार्फत घेतलेल्या आणि रद्द झालेल्या सहलीचे पैसेही तसेच परत येतात. या रकमा मुळात प्रवाशाच्याच असल्यामुळे त्या परत मिळणाऱ्या असाव्यात अशी अपेक्षा रास्त आहे. बंद पडलेले वातानुकूलन किंवा उशीर यांसाठी दिलेली सदिच्छा-रक्कम मात्र कंपनीच्या मर्जीची असते.

येथे हक्क आणि सवलत यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. १० फेब्रुवारी २०१३ रोजी ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या जहाजाच्या इंजिनकक्षात आग लागली आणि ४,००० हून अधिक माणसांसह ते मेक्सिकोच्या आखातात अनेक दिवस तरंगत राहिले. कंपनीने त्या प्रवाशांना भाड्याचा पूर्ण परतावा, ५०० डॉलर आणि पुढील सफरीसाठीचे क्रेडिट देऊ केले. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन या उद्योग-संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाल्यास पूर्ण आणि मध्येच संपल्यास अंशतः परतावा मिळण्याचा हक्क तीत नमूद आहे. अशा प्रसंगी क्रेडिट स्वीकारण्यापूर्वी परताव्याचा हक्क सोडला जात नाही ना, हे पाहणे महत्त्वाचे असते.

भावी सफरीचे क्रेडिट ही याहून निराळी गोष्ट आहे आणि दोहोंची गल्लत वारंवार होते. ते पुढील नोंदणीच्या भाड्यातून वजा होते, जहाजावरील खात्यात येत नाही आणि त्याला स्वतःची मुदत असते. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे जगभरातील क्रूझ थांबल्या, तेव्हा रोख परताव्याची मागणी एकाच वेळी आली तर कंपन्यांची गंगाजळी आटली असती. म्हणून त्यांनी परताव्याऐवजी वाढीव क्रेडिट देऊ केले. काहींनी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के इतके भावी सफरीचे क्रेडिट दिले, तर कार्निव्हलने १०० टक्के भावी क्रेडिटबरोबर सफरीच्या लांबीनुसार ३०० किंवा ६०० डॉलरचे ऑनबोर्ड क्रेडिट जोडले. ज्यांनी ते घेतले त्यांनी एका अर्थी कंपनीला बिनव्याजी कर्ज दिले. त्याच वर्षी ब्रिटनमधील क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस आणि मुंबईहून ‘कर्णिका’ हे जहाज चालवणारी जलेश क्रूझेस या कंपन्या बंद पडल्या. कंपनीच उरली नाही तर क्रेडिटला विमा किंवा कायदेशीर हमी यांखेरीज कोणताही आधार राहत नाही.

सफरीतील वापर

क्रेडिटची नोंद खात्यात खरोखर झाली आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहिले जाते. जहाजाचे मोबाइल ॲप, केबिनमधील दूरचित्रवाणी संच किंवा मदत-कक्ष येथे ते समजते. एजंटाने कबूल केलेली रक्कम दिसत नसेल तर लेखी पुष्टिपत्र उपयोगी पडते. जहाजावरील कर्मचाऱ्यांना एजंटाशी झालेल्या बोलण्याची माहिती नसते आणि समुद्रातून एजंटाशी संपर्क साधणे सोपे नसते.

मधल्या काळात एकदा शिल्लक तपासणे पुरेसे असते. शेवटचा पूर्ण दिवस मात्र निर्णायक ठरतो. जहाज बंदरात असताना सीमाशुल्काच्या नियमांमुळे जहाजावरील दुकाने आणि कॅसिनो सहसा बंद असतात. परतीच्या सकाळी जहाज बंदराला लागलेले असल्याने तेव्हा खरेदी करता येत नाही. आदल्या रात्री मदत-कक्षापुढे रांग लागते. दोन सहप्रवाशांपैकी एकाच्या नावे क्रेडिट उरले आणि दुसऱ्याच्या नावे खर्च असेल, तर दोन्ही खाती जोडून किंवा खर्च वळवून ती रक्कम वापरता येते, पण ही विनंती खाते बंद होण्यापूर्वी करावी लागते. काही कंपन्यांत शिल्लक रकमेतून पुढील सफरीची अनामत भरता येते किंवा कर्मचाऱ्यांना अधिक बक्षिसी देता येते. अंतिम हिशेब केबिनमध्ये किंवा ॲपवर येतो. त्यातील चूक जहाज सोडण्यापूर्वी दुरुस्त होणे सोपे असते, घरी परतल्यावर तिचा पाठपुरावा लांबतो.

भारतीय प्रवासी

भारतातून क्रूझला जाणारे बरेच प्रवासी सहल-कंपनीच्या गटातून जातात. गटाच्या नोंदणीत मिळणारे क्रेडिट प्रवाशांना वाटले जाते, सहलीच्या खर्चात धरले जाते की आयोजकाकडे राहते, हे कराराच्या कलमांवर अवलंबून असते. बक्षिसी भाड्यात धरलेली आहे का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा, कारण वरील उदाहरणाप्रमाणे क्रेडिटचा उपयोग त्यावर ठरतो.

मुंबई व गोवा यांना जोडणाऱ्या पर्यटन-जहाजांचा अलीकडील इतिहास छोटा आहे. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई–गोवा मार्गावर सुरू झाले, २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आले आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून धावू लागले. या सफरी बहुतेक दोन ते पाच रात्रींच्या असतात. इतक्या अल्प काळात परत न मिळणारी रक्कम संपवण्यासाठी दिवस थोडे मिळतात आणि समुद्रावरचा प्रत्येक दिवस मोजकाच असतो.

परदेशी जहाजावर भारतीय कार्ड जोडताना दोन अडचणी येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय धारकाने स्वतः सुरू करावी लागते आणि ती बंद राहिली तर जहाजावर कार्ड नाकारले जाते. दुसरी अडचण होल्डची आहे. जहाज कंपनी अपेक्षित खर्चापोटी कार्डावरील काही रक्कम आगाऊ रोखून ठेवते. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा घटते, पण डेबिट किंवा परकीय चलनाच्या प्रीपेड कार्डावर प्रत्यक्ष शिल्लकच अडकते आणि ती मोकळी होण्यास सफर संपल्यानंतरही काही दिवस लागू शकतात. खात्यात ऑनबोर्ड क्रेडिट असले तरी हे होल्ड टळतेच असे नाही. क्रेडिटने भागलेल्या खर्चावर मात्र बँकेचे परकीय चलन-रूपांतराचे शुल्क लागत नाही, कारण तो खर्च कार्डापर्यंत पोहोचतच नाही. परत मिळणारी शिल्लक कार्डावर आली, तर त्या दिवशीच्या दराने तिचे रुपये होतात.